मलय टीव्ही मालिकांमधल्या स्त्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मलय मालिका बघायला लागलेल्या प्रेक्षकांकडून तेच तेच प्रश्न येतात. ती एवढी शिकलेली असून गप्प का बसते? स्वयंपाकघरात उच्चारलेला तलाक खरा धरतात का? दुसरं लग्न एवढं सोपं असतं का? असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याचे संदर्भ मुख्यतः क्वालालंपूर आणि इतर संघीय प्रदेशांना लागू असलेल्या 1984 च्या इस्लामी कुटुंब कायद्याचे आहेत. मलेशियात प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्याने तपशिलात थोडा फरक पडतो.

1. मलय मालिका म्हणजे मलेशियाच्या मालिका ना?

बहुतेक वेळा हो, पण दोन्ही एकच नव्हेत. मलेशियात तमिळ आणि चिनी भाषांतही मालिका निघतात. मलय मालिकेची भाषा मलय असते आणि पात्रं जवळजवळ सगळी मलय मुस्लिम असतात. मलेशियाच्या घटनेतली ‘मलय’ची व्याख्याच इस्लाम पाळणारी, मलय बोलणारी आणि मलय रूढी पाळणारी व्यक्ती अशी आहे. त्यामुळे लग्न, घटस्फोट आणि मुलांचा ताबा हे सगळं शरिया न्यायालयाकडे जातं. हे ध्यानात ठेवलं नाही, तर निम्मी कथानकं उमगत नाहीत. इंडोनेशियाच्या ‘सिनेत्रोन’ नावाच्या मालिका वेगळ्या. सिंगापूरच्या मलय मालिकांबद्दल प्रश्न 15 पाहा.

2. बाईची भूमिका बदलत गेली, असं कधीपासून म्हणता येईल?

मलेशियात दूरदर्शन 28 डिसेंबर 1963 ला सुरू झालं. टीव्ही3 ही पहिली खासगी वाहिनी 1984 मध्ये आली आणि अ‍ॅस्ट्रोची उपग्रहसेवा 1996 मध्ये. पण बदलाचं मूळ पडद्याबाहेर आहे. 1971 च्या नव्या आर्थिक धोरणानंतर पेनांगच्या बायान लेपाससारख्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने उभे राहिले आणि खेड्यांतल्या हजारो मलय मुली तिथे कामाला आल्या. लोक त्यांना ‘मीनाह कारान’ म्हणून हिणवत. मीनाह हे मुलीचं सर्रास नाव आणि कारान म्हणजे विजेचा करंट. स्वतः कमावणारी, वसतिगृहात राहणारी, बापाच्या नजरेआड गेलेली ही मुलगी समाजाला बोचत होती. शहरात गेलेली मुलगी बिघडते की घर सावरते, हा मालिकांचा जुना प्रश्न तिथून येतो.

पुढे आकडे बदलले. 2010 च्या सुमारास काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रिया शंभरात सुमारे 47 होत्या, 2023 मध्ये सुमारे 56. आजची नायिका वकील, डॉक्टर, वास्तुविशारद किंवा ऑनलाइन दुकान चालवणारी असते. 1999 पासून सरकारी वाहिनीवर चाललेल्या ‘गेराक खास’ या पोलीस मालिकेत अ‍ॅबी अबादी यांची इन्स्पेक्टर आलीझा लोकांनी आनंदाने स्वीकारली. नोकरी करणारी बाई मलय प्रेक्षकाला कधीच पचली आहे. ती घरी आल्यावर काय होतं, याचा निकाल मात्र अजून लागायचा आहे.

3. मराठी मालिकेसारख्या या वर्षानुवर्षं चालतात का?

नाही. बहुतेकींचे भाग 13 ते 40 च्या दरम्यान असतात. ‘नूर कासिह’चे 26 होते, ‘आदाम आणि हावा’चे 80 म्हणजे फारच झाले. टीव्ही3 चा संध्याकाळी सातचा ‘आकासिया’ हा ठरलेला पट्टा आहे. एक कथा संपली की त्याच पट्ट्यात दुसरी सुरू होते.

या आखूडपणाचा नायिकेच्या चित्रणावर थेट परिणाम होतो. शेवट आधीच ठरलेला असल्यामुळे पहिले दोन तृतीयांश भाग तिचा छळ आणि शेवटचा एक तृतीयांश नवऱ्याचा पश्चात्ताप, असा साचा पडला आहे. छळ सावकाश दाखवतात, पश्चात्ताप घाईने उरकतात. बाई अमुक टप्प्यावर बदलली असं वाटलं, तर तो कितवा भाग आहे हे जरूर बघा.

4. संवादात ओळखीचे शब्द कानावर पडतात. तो भास आहे का?

भास नाही. मलय भाषेत संस्कृत शब्द खूप आहेत आणि नात्यांच्या शब्दांत तर ठासून भरले आहेत. नवरा म्हणजे ‘सुआमी’, मूळ स्वामी. बायको ‘इस्तरी’, मूळ स्त्री. ‘चिंता’ म्हणजे प्रेम. ‘सेतिया’ म्हणजे एकनिष्ठ, मूळ सत्य. ‘दोसा’ म्हणजे पाप आणि ‘देरहाका’ म्हणजे आईबापांचा किंवा नवऱ्याचा द्रोह. ‘बाहागिया’ म्हणजे सुखी, मूळ भाग्य. सर्वांत चटका लावणारा शब्द ‘सेंगसारा’. मूळ संसार, आणि मलयमध्ये अर्थ हालअपेष्टा.

अरबीतून आलेला ‘साबार’ आपल्या सबुरीचा सख्खा भाऊ. मलय नायिकेला दिला जाणारा सर्वांत मोठा सल्ला हाच. त्याच्या जोडीला ‘रेधा’ येतो. देवाने दिलं ते मनापासून स्वीकारणं, असा त्याचा अर्थ. हे दोन शब्द कोण कोणाला ऐकवतं, ते मोजत राहा. बहुतेक वेळा सांगणारी दुसरी बाईच असते, आणि ऐकणारीला त्या क्षणी काय हवं आहे हे कोणी विचारलेलं नसतं.

5. ती नवऱ्याला ‘आबांग’ म्हणते. आबांग म्हणजे मोठा भाऊ ना?

हो, शब्दशः मोठा भाऊ. पण बायकोने नवऱ्याला आदराने आणि लाडाने हाक मारण्याचाही हाच शब्द आहे, आपल्याकडच्या ‘अहो’च्या जागेचा. नातं कुठे आहे हे कळायचं असेल, तर पडद्याखालची भाषांतरित ओळ सोडून ही हाक ऐका. ओळखीच्या सुरुवातीला दोघं ‘साया’ आणि ‘आवाक’ म्हणतात, म्हणजे मी आणि तुम्ही, थोडं अंतर राखून. लग्न मनाने जुळलं की ‘आबांग’ आणि ‘सायांग’. बिनसलं की पुन्हा ‘आवाक’. आणि ज्या प्रसंगात ती ‘आकू’ आणि ‘काऊ’वर येते, म्हणजे सरळ अरेतुरेवर, तिथे तिने मनातून नातं तोडलेलं असतं. भाषांतरात या सगळ्यांसाठी एकच सर्वनाम येतं आणि अख्खा प्रसंग सपाट होतो.

आईची हाकही बघा. ‘माक’ म्हणणारं घर खेड्यातलं किंवा साधं, ‘मामा’ किंवा ‘मम्मी’ म्हणणारं श्रीमंत. इथे मामा म्हणजे आई, आईचा भाऊ नव्हे.

6. नायिका एवढी शिकलेली, मग नवऱ्यापुढे गप्प का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. मालिका नायिकेला शिक्षण आणि पगार देते, पण तिची परीक्षा घरातच घेते. घराबाहेरचं यश हे तिचं चांगलेपण ठरवण्याचं माप नसतं. ते माप सहनशीलतेचं असतं.

कायद्याची बाजूही आहे. ‘नुशूझ’ म्हणजे पत्नीने नवऱ्याची कायदेशीर आज्ञा विनाकारण मोडणं, आणि 1984 च्या कायद्याच्या कलम 59 प्रमाणे त्यामुळे पत्नीचा पोटगीचा हक्क जाऊ शकतो. न सांगता घर सोडलं की सासू हाच शब्द तोंडावर फेकते. मालिका एक गोष्ट सांगायची विसरते. नवरा मारहाण करत असेल किंवा हक्क डावलत असेल, तर घर सोडायला सबळ कारण असतं आणि तो नुशूझ ठरत नाही. शिवाय 1994 चा घरगुती हिंसाचार कायदा सर्वधर्मीयांना लागू आहे आणि त्याखाली संरक्षण आदेश मिळतो. पडद्यावरची नायिका रडत पावसात निघते. तिला पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवता आली असती.

7. जबरदस्तीचं लग्न, कराराचं लग्न, धाडीनंतरचं लग्न: यांत फरक काय?

तिन्हींत दोन अनोळखी माणसं आधी नवरा-बायको होतात आणि प्रेम नंतर येतं. त्यामागे एक सोय आहे. लग्नाआधीची जवळीक मलय वाहिन्यांवर दाखवणं अवघड असतं, लग्न लावलं की दोघांना एका खोलीत ठेवता येतं.

‘काहवीन पाक्सा’ म्हणजे आईवडिलांनी लादलेलं लग्न. ‘नूर कासिह’मध्ये वाट चुकलेल्या आदामला वळणावर आणण्यासाठी त्याच्या वडिलांनी नूर अमीनाशी त्याचं लग्न लावलं आणि तो तिला टाकून सिडनीला निघून गेला. मुलीचा उपयोग औषधासारखा होतो, हे तिथे उघड दिसतं.

‘खलवत’ म्हणजे नात्यात नसलेल्या स्त्री-पुरुषाने एकांतात सापडणं. संघीय प्रदेशांत त्याला 3,000 रिंगिटपर्यंत दंड किंवा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘आदाम आणि हावा’ची गोष्ट धार्मिक अधिकाऱ्यांच्या अशाच धाडीतून सुरू होते. धाडीत सापडल्यावर लग्न करायलाच हवं, असं मात्र कायदा सांगत नाही. ती सक्ती घराण्याच्या अब्रूची असते.

कराराच्या लग्नात कागदावर मुदत लिहिलेली असते, पण निकाहच्या शब्दांत कधीच नसते. लेखकाचं हे अज्ञान नव्हे. सुन्नी इस्लाममध्ये मुदतीचा निकाहच अवैध, म्हणून करार वेगळ्या कागदावर ठेवावा लागतो.

8. दुसरी बायको करणं खरंच इतकं सोपं आहे का?

नाही. सवतीला मलयमध्ये ‘मादू’ म्हणतात, मधालाही हाच शब्द आहे, आणि या जुळणीवर मलय लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले. पी. रामली यांचा ‘मादू तीगा’ हा 1964 चा चित्रपट तीन बायकांच्या दादल्याची विनोदी गोष्ट होती. आजच्या मालिकेत हा विषय बहुतेक पहिल्या बायकोच्या दुःखाच्या बाजूने सांगतात. माझ्या मते, चार दशकांत बदललेली ही सर्वांत ठळक गोष्ट आहे.

कलम 23 प्रमाणे नवऱ्याला आधी शरिया न्यायालयाची लेखी परवानगी लागते. उत्पन्न दाखवावं लागतं, सगळ्यांना समान वागवता येईल हे पटवावं लागतं आणि सध्याच्या पत्नीला न्यायालय बोलावून ऐकतं. तिची संमती मात्र अनिवार्य नाही, आणि मालिकांत इथेच घोळ होतो. ‘मी सही केली नाही, म्हणून लग्न होणार नाही’ हा संवाद कायद्याला धरून नाही.

परवानगी टाळायची म्हणून नायक सीमेपलीकडे दक्षिण थायलंडला जातो. हे प्रत्यक्षातही घडतं. परत येऊन नोंदणी करावी लागते आणि विनापरवानगी दुसऱ्या लग्नाबद्दल शिक्षा होऊ शकते. पण निकाह रीतसर झाला असेल, तर तो मोडीत निघतोच असं नाही. म्हणूनच पहिल्या बायकोच्या हाती एखाद्या दिवशी अचानक प्रमाणपत्र लागतं.

9. रागाच्या भरात स्वयंपाकघरात दिलेला तलाक लागू होतो का?

तो लागू झाला की नाही, हे न्यायालय ठरवतं. न्यायालयाबाहेर तलाक उच्चारणं हा गुन्हा आहे. उच्चारला गेलाच, तर सात दिवसांत न्यायालयाला कळवावं लागतं आणि मग नेमके शब्द, हेतू आणि मनःस्थिती तपासली जाते. मालिकेत हा निर्णय येईपर्यंतचे दिवस फार क्वचित दाखवतात. खरं तर बाईची खरी कोंडी तिथे असते. ती धड बायको नाही आणि धड मोकळी नाही.

एक किंवा दोन तलाकांनंतर, ‘इद्दाह’च्या काळात म्हणजे साधारण तीन मासिक पाळ्यांत, नवरा ‘रुजूक’ करून तिला परत घेऊ शकतो. तीन तलाक झाले की तिचं दुसऱ्याशी खरंखुरं लग्न होऊन, ते मोडल्याशिवाय पहिल्याशी पुन्हा लग्न नाही. त्यासाठी भाड्याने उभा केलेला नवरा म्हणजे ‘चीना बूता’. असं ठरवून केलेलं लग्न धर्मदृष्ट्या निषिद्ध आहे, पण कथानकाला चटकदार, म्हणून वरचेवर येतं.

10. मग तिला स्वतःहून बाहेर पडताच येत नाही का?

येतं, आणि तीन रस्ते आहेत. ते ओळखता आले, तर मालिका बाईला किती बळ देते आहे हे लगेच कळतं.

निकाहनंतर नवरा ‘ताक्लिक’ वाचतो, तो प्रसंग वगळू नका. साधारण चार महिने खर्च दिला नाही, टाकून गेला किंवा इजा केली, तर पत्नी न्यायालयात तक्रार करेल आणि ती सिद्ध झाल्यावर एक तलाक पडेल, असं वचन त्यात असतं. शब्द राज्यागणिक बदलतात. दुसरा रस्ता ‘खुलुक’, म्हणजे नवऱ्याला काही रक्कम देऊन सुटका. तिसरा ‘फसख’. कलम 52 मधल्या कारणांवर, उदाहरणार्थ क्रूरता किंवा नवऱ्याचा बेपत्तापणा, न्यायालय लग्न रद्द करतं.

पहिल्या भागातला ताक्लिक शेवटी नायिकेच्या कामी आला, तर लेखकाला कायदा माहीत आहे आणि नायिकेलाही. बहुतेक मालिकांत तो नुसता लग्नसोहळ्याचा भाग राहतो. नवरा मरतो, सुधारतो किंवा तुरुंगात जातो. ती मात्र अर्ज करत नाही.

11. घटस्फोटानंतर तिला काय मिळतं?

इद्दाहच्या काळातला खर्च, ‘मुताह’ म्हणजे सांत्वनाची रक्कम आणि ‘हार्ता सेपेन्चारियान’. शेवटची गोष्ट मलय रूढीतून कायद्यात आलेली आहे. संसारात दोघांनी मिळून उभं केलेलं वाटून घ्यायचं, आणि पैसे न कमावणाऱ्या पत्नीने घर व मुलं सांभाळली, तेही योगदान धरतात. नायिका दागिने काढून टेबलावर ठेवते आणि एक पिशवी घेऊन निघते, तो प्रसंग दिसायला बाणेदार असला तरी तिच्या हक्काचं तो गिळून टाकतो. मुलांचा ताबा साधारणपणे मुलगा 7 आणि मुलगी 9 वर्षांची होईपर्यंत आईकडे असतो आणि न्यायालय तो आणखी दोन वर्षं वाढवू शकतं. ‘मुलं माझीच’ अशी नवऱ्याची धमकी म्हणून पोकळ असते.

12. अत्याचार करणाराच नायक ठरतो. यावर तिथे कोणी बोलत नाही का?

बोलतात. स्त्री-संघटना आणि प्रेक्षक दोघंही अनेक वर्षं आक्षेप घेत आले आहेत. ‘नोरा एलेना’ ही 2011 ची मालिका आणि त्याच वर्षीचा ‘ओंबाक रिंदू’ हा चित्रपट, दोन्हींत जिच्यावर अत्याचार झाला, तिचंच त्या पुरुषाशी लग्न आणि मग प्रेम. दोन्ही अफाट लोकप्रिय झाले. अभिनय उत्तम आहे, गाणी मनात राहतात, आणि म्हणूनच हा साचा जास्त घातक आहे. लग्न हे गुन्ह्याचं प्रायश्चित्त ठरतं आणि तिची माफी ही गोष्टीची गरज बनते. मलेशियाच्या दंडसंहितेत वैवाहिक बलात्कार स्वतंत्र गुन्हा नाही. कलम 375अ संभोगासाठी पत्नीला इजा करणं किंवा तिला इजेची भीती घालणं एवढंच शिक्षापात्र मानतं. कायद्यातली ही फट आणि पडद्यावरची ही माफी एकमेकींना टेकू देतात.

13. डोक्यावर ‘तुदुंग’ म्हणजे केस झाकणारा रुमाल घेतलेली नायिका म्हणजे मालिका पुराणमतवादी, असं समजायचं का?

नका समजू. जुन्या मालिकांत तुदुंग बहुतेक आई, आजी किंवा पश्चात्ताप झालेल्या बाईच्या डोक्यावर दिसे. ‘नूर कासिह’सारख्या मालिकांनंतर तो तरुण, देखण्या नायिकेच्या रोजच्या पोशाखात आली. ‘सुरी हाती मिस्टर पायलट’मधल्या नीलोफा स्वतः तुदुंगच्या ब्रँडच्या उद्योजिका आहेत. तुदुंगमधली नायिका कंपनी चालवते आणि मोकळ्या केसांची नायिका नवऱ्याच्या परवानगीची वाट बघते, असंही दिसतं. तुदुंग कधी चढतो आणि कधी उतरतो, यातून लेखकाचा निवाडा कळतो. खलनायिका सुधारली की तुदुंग घेते, हा आळशी संकेत मात्र अजून गेलेला नाही.

14. या चौकटी मोडणाऱ्या मालिका कोणत्या?

दोन आवर्जून बघा. टीव्ही3 वरची 2018 ची ‘नूर’, दिग्दर्शक शाहरुलएझाद मोहम्मदिन. देहविक्रय करणारी नूर आणि धार्मिक घराण्यातला तरुण उस्ताद म्हणजे धर्मशिक्षक यांची गोष्ट. पाप नेमकं कोणाचं मोजायचं, हा तिचा विषय.

दुसरी ‘बिदाअ’, व्हियू या ओटीटीवर 2025 मध्ये आलेली, दिग्दर्शन एली सुरियाती यांचं, निर्मिती एर्मा फातिमा यांची. इंडोनेशियातही ती जोरात गाजली. वालिद नावाचा पंथप्रमुख ‘निकाह बातीन’ म्हणजे आंतरिक लग्नाच्या नावाखाली अनुयायी मुली मिळवतो आणि बैदुरी त्याच्याविरुद्ध उभी राहते. असा निकाह वैध नाही, कारण निकाहाला वली म्हणजे मुलीचा पालक, दोन साक्षीदार आणि उघड प्रस्ताव-स्वीकार लागतो. इतर मालिकांत बाईला सबुरी शिकवली जाते, इथे आज्ञाधारकपणाच सापळा ठरतो. बैदुरीची आई स्वतःहून पंथात शिरलेली आहे, हा कथेचा सर्वांत धीट भाग.

दोन्ही मालिकांत नायिका मलिन किंवा बंडखोर ठरूनही प्रेक्षक तिच्या बाजूने राहतो. पूर्वी ही मुभा फक्त नायकाला होती.

एक गोष्ट इथेच सांगतो. ‘ओंबाक रिंदू’ आणि ‘आदाम आणि हावा’ या दोन्हींचं मूळ स्त्रियांनी लिहिलेल्या प्रेमकादंबऱ्यांत आहे, ‘नूर कासिह’ची पटकथाही मीरा मुस्तफा यांची. बायकांनी लिहिलं की साचा आपोआप मोडतो, असं नाही.

15. सिंगापूरच्या मलय मालिका वेगळ्या का वाटतात?

2000 मध्ये सुरू झालेली सूरिया ही तिथली मलय वाहिनी. तिथे प्रासाद आणि दातिन म्हणजे बड्या घरच्या पदवीधारी बायका (प्रश्न 16) कमी, सरकारी गृहसंकुलातले फ्लॅट जास्त. मुस्लिम कुटुंबकायदा वेगळा आहे, त्यामुळे प्रश्न 8 ते 11 मधले कलम-क्रमांक तिथे लावू नका.

16. खलनायिका म्हणजे दातिनच का?

दातिन ही दातुक हा मानाचा किताब मिळालेल्याच्या पत्नीची पदवी. पैसा तिचा नसतो, प्रतिष्ठा नवऱ्याची, म्हणून सून हाच तिचा एकमेव अधिकारप्रदेश. तिच्या घरातली इंडोनेशियन मोलकरीण, म्हणजे ‘बीबीक’, सहसा विनोदापुरती असते. मलय बाईच्या नोकरीचा डोलारा या दुसऱ्या बाईच्या खांद्यावर उभा आहे, हे फार थोड्या मालिकांना दिसतं.

17. लेख किंवा प्रकल्प लिहायचा आहे. नोंदी कशा घेऊ?

सगळी मालिका एकदा नुसती बघा. मग पहिले दोन, मधले दोन आणि शेवटचे तीन भाग वही घेऊन पुन्हा बघा. चार रकाने आखा: घर कोणाच्या नावावर, खर्च कोण करतं, तलाक किंवा अर्जाचा शब्द कोण उच्चारतं, आणि शेवटी माफी कोण मागतं. पाचव्या रकान्यात हाका लिहा, प्रश्न 5 प्रमाणे. नायिकेचा व्यवसाय वेगळा नोंदवा आणि ती प्रत्यक्ष काम करताना किती प्रसंगांत दिसते, ते मोजा. वकील नायिका अख्ख्या मालिकेत एकही खटला लढत नाही, असं हमखास सापडतं.

नेहमीची चूक म्हणजे भाषांतरित ओळींवर विसंबणं. दुसरी चूक, कादंबरी आणि मालिका एक धरणं. तिसरी, शेवटच्या भागावरून निकाल देणं. शेवट बहुतेक वेळा वाहिनीला रुचेल असा असतो. सातव्या-आठव्या भागात नायिका एकटी असताना स्वतःशी काय बोलते, तिथे लेखकाचा हात जास्त मोकळा असतो.